फ्लॉपीत बसलेला कार्यकर्ता

स्वतः विकत घेतलेल्या फ्लॉपीवर लिहायचा हक्क तुम्हाला नाही, असं यंत्रानं सांगितलं तर तुम्ही काय कराल?

मी निवेदन लिहिलं. आमच्या घरची रीतच ती. वस्तीतली सगळी पत्रकं वडील लिहायचे आणि छापून उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. वडिलांचा नियम होता: अर्ज एकटा माणूस करतो, विनंती म्हणून, निवेदन सगळे मिळून देतात, हक्क म्हणून. तेव्हा आपण अर्ज करायचा नाही. पुढे दवाखान्यात केसपेपर काढतानाही मी 'आमचं पोट दुखतं' असंच सांगायचो.

मी तेव्हा संगमनेरला कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, धाकटी बहीण अकरावीला. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या आमच्या फाट्यावर सकाळची एसटी थांबायचीच नाही. बहिणीची हजेरी इतकी कमी भरली होती की तिला परीक्षेला बसू देतील की नाही, याचीच शंका होती. कुठली गाडी किती वाजता न थांबता गेली, हे तिनं एका वहीत रोज टिपून ठेवलं होतं. ती यादी मी कॉलेजच्या संगणक कक्षात टाइप केली. संगणकावर छापलेला कागद साहेब लोक दोन्ही हातांनी धरतात, असा माझा अनुभव. एसटीच्या आगारप्रमुखांनी त्याच दिवशी दुपारी चारची वेळ दिली होती. कक्षातला प्रिंटर बंद होता. म्हणून यादी फ्लॉपीवर घ्यायची आणि स्टँडजवळच्या दुकानात छापायची, असं ठरलं.

कक्षातल्या संगणकांवर लिनक्स ही नवी प्रणाली नुकतीच आली होती. फ्लॉपी आत सरकवून तिच्या फोल्डरमध्ये गेलं की यंत्र ती आपोआप जोडून घ्यायचं. आतलं सगळं दिसायचं. मी यादी कॉपी करायला गेलो, तर उत्तर आलं: परवानगी नाही. फ्लॉपीच्या कोपऱ्यातली, लिहिणं अडवणारी खिट्टी सरकवून पाहिली. परवानगी बदलायची आज्ञा दिली, तीही यंत्रानं नाकारली. मालक म्हणून नाव दिसत होतं 'रूट'चं, म्हणजे त्या यंत्राच्या सर्वाधिकाऱ्याचं. वाचा, पण लिहू नका. निवेदनाला विषय मिळाला, म्हणजे माझ्यासारख्या माकडाच्या हाती कोलीतच.

दोन वाजले होते. मी वही काढली आणि 'आम्ही खाली सह्या करणारे' इथून सुरुवात करून दोन पानं भरली. मग सह्या घेत फिरलो. कक्षात पाच जण होते. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता. त्याची सही सगळ्यांत ठसठशीत आली.

बहीण दाराशी येऊन उभी राहिली तेव्हा तीन वाजून गेले होते. मी तिला दोन्ही पानं अभिमानानं दाखवली.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पन दादा, यादी कुठं हाय?"

मी निवेदन घेऊन कक्षाच्या मॅडमकडे गेलो. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, मग शांतपणे समजावलं. फ्लॉपी डॉस या जुन्या प्रणालीच्या पद्धतीची होती. कुठली फाइल कुणाची, याची नोंदच तिच्यावर राहत नाही. त्यामुळे जोडताना यंत्र ती रूटच्या नावावर धरतं, आणि जिथं नोंदच नाही तिथं ती मागाहून बदलणार कशी? जोडतानाच सांगावं लागतं की ही अमक्याची. तेवढ्यासाठी यंत्राच्या सेटिंगमधली एक ओळ बदलायची. ज्याला लिहायचं असेल त्यानं एका ओळीचा अर्ज द्यावा, अशी सूचना त्यांनी आठवड्यापूर्वीच दारावर लावली होती. त्या दारातून मी रोज आत येत होतो.

त्यांनी सह्यांवरून नजर फिरवली. "तुझ्या एकट्याच्या नावावर केली तर बाकीचे उद्या अर्ज घेऊन येतील. सगळ्या विद्यार्थ्यांच्या गटाच्याच नावावर करते."

त्यांनी ओळ बदलली. माझी छाती फुगली. मी पुन्हा कॉपीची आज्ञा दिली. परवानगी नाही.

मी वहीचं तिसरं पान उघडलं. मॅडमनी माझ्या पडद्याकडे पाहिलं.

"अरे, तू अजून फ्लॉपीतच बसलायस."

खरंच होतं. दोन वाजल्यापासून मी त्याच फोल्डरमध्ये ठाण मांडून होतो. आत कुणी असेपर्यंत यंत्र फ्लॉपी सोडत नाही, आणि सोडून पुन्हा जोडल्याशिवाय नवा नियम लागू होत नाही. म्हणजे मी धरणं धरलं होतं, तेही स्वतःच्याच मागणीविरुद्ध.

"बाहेर ये," त्या म्हणाल्या, "आणि मिनिटभर काही करू नको, म्हणजे यंत्र ती सोडेल."

इतकं अवघड काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. मग फ्लॉपी पुन्हा जोडली गेली, यादी उतरली आणि बहीण फ्लॉपी घेऊन माझ्यापुढे छपाईच्या दुकानाकडे पळत सुटली.

आगारप्रमुखांनी कागद दोन्ही हातांनीच धरला. माझं भाषण तयार होतं, पण त्यांनी प्रश्न तिला विचारले आणि उत्तरं तिनंच दिली. पुढच्या आठवड्यापासून गाडी थांबू लागली. परीक्षेला ती त्याच गाडीनं गेली.

तुमच्या कॉलेजात अशी खोली असेल, तर उद्या आत शिरण्याआधी दारावरची सूचना वाचा. एका ओळीचा अर्ज द्या, पण गटाच्या नावानं द्या, म्हणजे तुमच्यामागून येणाऱ्यालाही लिहिता येईल. आणि तो मंजूर झाला की आधी फ्लॉपीतून बाहेर या.