त्याने जोडी फोडली

शशांक गेल्याचं मला सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळलं. जानेवारीतला रविवार होता. हौगांगच्या मार्केटखाली कॉफी शॉपमध्ये बसून मी एका इंडोनेशियन गिऱ्हाइकाशी जुन्या जनरेटरच्या भावावरून हुज्जत घालत होतो आणि फोन टेबलावर सारखा थरथरत होता. उघडला तर नुसते जोडलेले हात. मूळ निरोप शोधायला बराच वेळ बोट सरकवत वर जावं लागलं. ईस्ट कोस्टला सकाळी सायकल चालवताना छातीत कळ आली, हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वीस वर्षांची ओळख, आणि बातमी मला अशी, सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या नंतर... ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. गिऱ्हाइकाला मात्र त्याने मागितलेल्या भावात जनरेटर देऊन टाकला, आणि तिथून निघताना त्याबद्दलही राग मला शशांकचाच आला.

मंडळाच्या अंकासाठी त्याच्यावर लिहाल का असं विचारलं गेलं तेव्हा मी आधीच सांगितलं, की माझा त्याच्यावर राग आहे आणि तो मी पुसून लिहिणार नाही. शशांक पुण्याचा, बँकेतला, ईस्ट कोस्टच्या कॉन्डोत राहणारा. मी इचलकरंजीहून वर्क परमिटवर आलेला फिटर, पुढे जुनी यंत्रं घेऊन विकायला लागलो आणि त्यातच उभा राहिलो. सुरुवातीला दोघं हौगांगच्या एका फ्लॅटमध्ये शेजारच्या खोल्यांत भाड्याने राहायचो, तिथली ही दोस्ती. तो मला ‘शेठ’ म्हणायचा, मी त्याला ‘साहेब’. दोन्हीत थोडी टिंगल होती आणि ती दोघांनाही चालायची.

बर्फाचं वेड आम्हाला एकाच दिवशी लागलं. दोन्ही कुटुंबं डिसेंबरच्या सुटीत होक्काइदोला गेली होती, तिथे पर्यटकांना स्नोमोबाइलवरून फिरवतात. बर्फावरची मोटारसायकलच ती, पुढे दोन स्की आणि मागे रबराचा रुंद पट्टा. बायका-मुलं एका फेरीत गारठून हॉटेलवर गेली. आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत उतरलो नाही. पुढच्या हिवाळ्यात मी बातमी काढली की डोंगराकडचं एक लॉज बंद होतंय आणि त्यांची डोंगर चढणारी दोन मोठी मशीनं विकायची आहेत. लांब पट्ट्याची, टर्बो बसवलेली, जनावरासारखी दणकट. मालक म्हणाला, एक-एक देतो. मी म्हटलं, जोडी घेईन, फोडून घेणार नाही, आणि जोडीचा भाव वेगळा. शशांक शेजारी उभा राहून लाजेने बुटाने बर्फ उकरत होता. छापील किमतीवर सही करून उठणारा माणूस तो. परतताना म्हणाला, “तू त्या म्हाताऱ्याला रडवलंस रे.” मी म्हटलं, “हसतोय तो. मागे वळून बघ.” त्याने खरंच वळून बघितलं.

मशीनं आम्ही सातो-सान नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवली. त्याच्याच मालकीचं मागचं रान आणि डोंगराची सोंड आम्हाला फिरायला मोकळी होती. अट एकच, एकट्याने जायचं नाही. आणि ती अट तो घालायच्या आधी मशीननेच घातलेली होती. असल्या जड मशीनचं तंत्र सोपं आहे. रेस द्यायची आणि ते वर जातं. पण मऊ बर्फात रेस जरा जास्त झाली की पट्टा स्वतःचाच खंदक खणतो आणि मशीन कमरेपर्यंत आत बसतं. मग एका माणसाचं ते काम राहत नाही. दोघांनी फावड्याने बाजूचा बर्फ काढायचा, पुढची वाट पायांनी तुडवून घट्ट करायची, एकाने पुढे उभं राहून स्की ओढायची आणि दुसऱ्याने बेताची रेस द्यायची. यात तासभर सहज जातो. आमचं प्रत्येक फेरीत कुणाचं ना कुणाचं मशीन रुतायचंच.

मी आज सांगतो, आमची दोस्ती जी काही होती ती त्या तासात होती. सिंगापुरात आम्ही भेटायचो, पण तिथे बायका असायच्या, मुलं असायची, गणपतीची वर्गणी असायची, घरांच्या किमती असायच्या. बर्फाच्या खड्ड्यात छातीपर्यंत उतरलेली दोन माणसं फावडी मारतायत, एकमेकांचं तोंडही दिसत नाही... तिथे माणूस बोलतो. माझ्या धाकट्या भावाने वर्कशॉप स्वतःच्या नावावर करून घेतलं, ते मी बायकोच्याही आधी त्या खड्ड्यात बोललो. आणि तिसऱ्या की चौथ्या हिवाळ्यात शशांक फावडं न थांबवता म्हणाला, “शेठ, मला बँकेने काढलंय. दीड महिना झाला. रोज टाय लावून निघतो आणि ईस्ट कोस्टला समुद्राकडे तोंड करून बसतो.” वैशाली वहिनींना पत्ता नव्हता. त्यांचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, झालेलं होतं म्हणून देश सोडायची वेळ आली नव्हती इतकंच. मी म्हटलं, “टाय लावून का बसतोस समुद्राकडे? समुद्र मुलाखत घेणार आहे का?” तो इतका हसला की खाली बसला. त्याच खड्ड्यात आम्ही ठरवलं, वहिनींना कसं सांगायचं आणि माझ्या कुठल्या गिऱ्हाइकाला फोन करायचा. (वहिनींना हे पुढे त्यानेच सांगितलं होतं. त्यांना विचारूनच लिहितोय.) त्याला नोकरी लागली. आधीपेक्षा चांगली.

मग एका रविवारी ईस्ट कोस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, साते म्हणजे काडीवर भाजलेले मटणाचे तुकडे खाता खाता तो म्हणाला, “मी माझं मशीन काढतोय. हलकं घेतोय.”

“का? कंबर दुखते?”

“कंबर ठीक आहे. मजा येत नाही रे. ते जड धूड मला नेतं, मी त्याला नेत नाही. नुसती रेस द्यायची आणि धरून बसायचं. हलक्याला इंजिन लहान असतं, पण ते अंगाने चालवावं लागतं. एका पायावर भार टाकला की झाडांमधून वळतं. मी चालवून बघितलंय.”

“कधी?”

“मागच्या महिन्यात. ऑफिसची मुलं गेली होती, त्यांच्याबरोबर.”

हे मला आधी माहीत नव्हतं. मी म्हटलं, “जोडी फुटेल. एकट्याला भाव येणार नाही.”

“शेठ, ही घासाघीस नाहीये. मी सांगतोय तुला.”

“काढ की. मी कुठे अडवलंय?”

माझ्या धंद्यात ‘मी चाललो’ असं म्हणणारा माणूस गेलेला नसतो. तो दारापर्यंत जातो, चपला घालतो, आणि त्याला आणखी काहीतरी बोलायचं असतं. आपण गप्प बसायचं. जो आधी बोलला तो गेला. इतकी वर्षं मी याच्यावर पोट भरलंय. शशांक ‘काढतोय’ म्हणाला तो मी त्याचा पहिला शब्द धरला आणि दुसऱ्याची वाट बघत साते संपवले. तो दुसरा शब्द आलाच नाही. महिन्याभरात त्याने मशीन कुणाला तरी विकलंसुद्धा. मला विचारलं असतं तर भाव तरी बरा आला असता.

त्या हिवाळ्यात आम्ही गेलो, मी माझ्या जड मशीनवर आणि तो त्याच्या नव्या हलक्यावर. तो सुंदर चालवायचा, हे मला मान्य करावंच लागेल. बर्च झाडांमधून असा वळत वर गेला की मी खाली उभा राहून बघतच राहिलो. वर एका वळणावर तो रुतला. मी ओरडलो, “थांब, आलो.” मशीन बंद केलं, फावडं काढलं, गुडघाभर बर्फातून धापा टाकत चढायला लागलो. अर्ध्यात असतानाच वरून आवाज आला, “झालं, झालं.” त्याने मागचा दांडा धरून मशीन उचलून बाजूला सरकवलं होतं आणि परत वर बसलाही होता. मला हात करत होता, ये म्हणून. मी फावडं घेऊन तसाच खाली उतरलो. दुपारी माझं रुतलं तेव्हा तो आला, नेहमीसारखा खणायलाही लागला, पण मधेच म्हणाला, “हे असलं किती दिवस करायचं रे?” त्याच्या दृष्टीने ते काम होतं. मी फावडं मारत राहिलो, आणि त्या तासात पहिल्यांदाच आम्ही दोघंही गप्प होतो.

पुढच्या वर्षी त्याचा मेसेज आला. “येतोस ना? ऑफिसची मुलं आहेत, सगळ्यांची हलकी आहेत. तू मागे राहिलास तर आम्ही थांबू.” आम्ही थांबू. ज्याने ती मशीनं मिळवली, सातो-सानला शोधलं, त्याच्यासाठी ‘आम्ही’ थांबणार. मी लिहिलं, “तुम्ही जा.” पुन्हा वाट बघितली. साधा एक फोन, ‘चल रे, नखरे करू नकोस’ एवढं पुरलं असतं, मी त्याच संध्याकाळी तिकीट काढलं असतं. तो गेला. त्याच्या पुढच्या वर्षीही गेला. मधल्या काळात आम्ही मंडळाच्या दिवाळीला समोरासमोर आलो. “काय शेठ?” “काय साहेब?” झालं. फराळाच्या रांगेत तो माझ्या पुढे होता. त्याने वळून माझ्या ताटात एक चकली जास्त ठेवली आणि पुढे गेला. ती शेवटची भेट. त्या चकलीचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

दहाव्याच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. वहिनी खिडकीपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, ते मशीन तिकडे पडलंय. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हीच विकून टाका, भाव तुम्हालाच कळतो.” मी हो म्हटलं, आणि विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारलं, “माझ्याबद्दल काही बोलायचा का?”

“बोलायचे की. म्हणायचे, तो रुसलाय. रुसवा गेला की येईल आपणहून.”

त्यांची मुलगी ईरा चहाचे कप घेऊन आली होती. तिने मान हलवली. “डॅडी ऑलवेज से, अंकल लाइक दॅट वन, कॅन वेट लाह.”

कॅन वेट. अंकल असाच आहे, थांबू म्हणे. मी इकडे बोलणी चालू आहेत असं धरून दम खात बसलो होतो, आणि हा तिकडे मला रुसलेला पोरगा समजून वाट बघत होता. मला वीस वर्षं ओळखणारा माणूस. मी भाव वाढवायला गप्प बसलोय की दुसऱ्या कशासाठी, एवढं त्याला कळायला नको? वहिनींसमोर आवाज चढवायचा नव्हता म्हणून मी चहा तसाच ठेवून निघालो. लिफ्टमध्ये आरडाओरडा केला. शेजारी फिलिपिनो बाई होती, ती पुढच्याच मजल्यावर उतरली.

चायनीज न्यू इयरच्या सुटीत मी होक्काइदोला गेलो. हलकं मशीन बघायला गिऱ्हाईक येणार होतं. सातो-सानने गोठ्याचं दार सरकवलं आणि माझ्या मागे बघितलं, कुणी येतंय का. मी एक बोट दाखवलं. त्याला काय ते समजलं. त्याने टोपी काढली. मग माझ्या जड मशीनकडे बघून मान हलवली, “वन, नो.” आणि हलक्यावरचं ताडपत्रीचं पांघरूण स्वतःच काढलं.

विकायचा माल चालवून बघावा लागतो, म्हणून मी ते काढलं. चढावर झाडांपाशी मला हवं तसं ते वळेना, आणि रुतलं. मी उतरलो, फावडं काढलं, खणायला लागलो... चार फावड्यांत लक्षात आलं की खणायची गरजच नाही. मागचा दांडा धरला, जोर लावला, मशीन सरकून बाजूला आलं. तेवढंच. रान शांत होतं. शशांकने माझ्यापेक्षा चांगलं मशीन घेतलं होतं, त्याचं म्हणणं सगळं खरं होतं, आणि त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका जिवंतपणी कधी आला नव्हता. एवढ्यासाठी. हे एवढं सोपं व्हावं म्हणून.

दुपारी गिऱ्हाईक आलं. दोन तरुण होते, सप्पोरोचे, एक विकत घेणारा आणि एक त्याचा मित्र, नुसता सोबत आलेला. हलकं कुठे आहे म्हणाले. मी त्यांना जड मशीन दाखवलं. ताकद सांगितली, टर्बो सांगितला, पट्ट्याची लांबी सांगितली. घेणारा म्हणाला, जड आहे, रुतलं तर? मी त्याच्या मित्राकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, हा आहे ना. दोघं एकमेकांकडे बघून हसले. हलकं बघायला आलेल्या माणसाला मी जड विकलं. इतका चांगला सौदा मी बऱ्याच दिवसांत केला नव्हता. शशांक असता तर बुटाने बर्फ उकरत उभा राहिला असता.

हलकं मी ठेवून घेतलं. वहिनींना तसं कळवलंय. त्याचं हँडल शशांकने आपल्या उंचीप्रमाणे वर बसवून घेतलेलं आहे, आणि तो माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. मला ते धरायला हात छातीच्या वर न्यावे लागतात, खांदे भरून येतात. सातो-सान पाना घेऊन आला आणि खाली करून देऊ का असं त्याने खुणेने विचारलं. मी नको म्हटलं. आणखी थोडा वेळ तसंच धरून बसलो, आणि मग एकटाच डोंगराकडे निघालो.