वाघमारे सरांचा शिवाथेरियम

लातूरच्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला खोली एकच. दगड ठेवायला जागा पुरायची नाही, किस्से मात्र साठतच गेले. आता तिथं कॉम्प्युटर बसलेत, वाघमारे सरही गेले. लई आठवण येते.

सरांचे सगळे किस्से शिवाथेरियमचे. हा जिराफाचा पार नामशेष झालेला नातलग. चार शिंगं, आडदांड अंग. आपल्या मांजरेकाठीही तो हिंडला असणार, असं सरांना वाटायचं. पण सिद्ध करायला एक धड जबडा तरी हवा. त्यासाठी माणूस झुरायचा.

*

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटलेला नवाकोरा जिल्हा. प्राचार्यांनी विचारलं, "वाघमारे, हा प्राणी लातूरचा की उस्मानाबादचा?"

"साहेब, तो मेला तेव्हा दोन्हीकडं कलेक्टर नव्हता."

प्राचार्य हसले आणि शोधासाठी जीप मंजूर झाली.

*

चौकातले किराणावाले अप्पा पक्के शिवभक्त. नावात शिव ऐकून त्यांनी हातच जोडले. सर म्हणाले, "अप्पा, हा जिराफाच्या भावकीतला. पण मान आखूड."

"असू द्या. भावकीत सगळ्यांला सारखं कुठं मिळतंय?"

*

दुष्काळात मांजरा आटली. एका गावानं पात्रात पाण्यासाठी झिरा खोदला, तर वाळूत दातांची रांग दिसली. निरोप येताच आम्ही पळालो.

तिथं देवणी बैलांचे एक जुने दलाल उभे होते. त्यांनी सवयीनं वाकून दात बघितले. "जुळलंय मास्तर, समदे दात आल्यात. म्हातारं हाय. बाजारात कुणी विचारायचं न्हाई."

सर नुसते हसत होते. इतकं खूश झालेलं त्यांना मी परत कधी बघितलं नाही.

*

ऊन लागलं तसा जबडा भुगा व्हायला लागला. लगेच प्लास्टर चढवलं नाही तर हाती पीठच येणार. प्लास्टर होतं, कालवायला पाणी नव्हतं. आणलेलं सगळं वाटेत जीपच्या रेडिएटरनं पिऊन टाकलं होतं. झिऱ्यावर बाया वाटीवाटीनं घागरी भरत होत्या.

"सर, मागू का?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं?" सरांनी अंगातला शर्ट काढला आणि जबड्यावर सावली धरून बसले.

भरली घागर घेऊन निघालेली एक म्हातारी थांबली. "मास्तर, हे जनावर हितं कशाला आलतं?"

"पाण्याला आलं असंल, आजी."

तिनं घागर उतरवून सरांपुढं ठेवली. "मग पाजा की त्याला."