चारचौघांत दम किती सांगायचा

जिन्यात थांबण्याची माझी एक खास पद्धत होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर पोचलो की खिशातून मोबाइल काढायचा, कानाला लावायचा आणि नुसतं "हं... हं..." करत उभं राहायचं. पलीकडे कुणीच नसायचं. बोलायला श्वास नसल्यामुळे माझ्याकडे कायम ऐकून घेण्याचं काम. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा तेच. तिथल्या वहिनी एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर किती शांतपणे ऐकून घेतात हो समोरच्याचं!" बायकोनं वर येऊन मला हे सांगितलं आणि बराच वेळ माझ्याकडे नुसती बघत राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं शांतपणे ऐकणं तिच्या पाहण्यात आलेलं नव्हतं.

फुप्फुसं गेली होती. एकदम नाही, हळूहळू. आमच्या कचेरीत फाइल हलत नसे, सिगारेटचा धूर मात्र हलत असे, आणि त्यात माझा वाटा मोठा. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा.

दम लागतो तो लोकांना दिसतो. दुसरं एक होतं ते दिसत नाही. रागवायला श्वास लागतो, म्हणून मी रागवणं सोडलं. हसलो की खोकल्याची उबळ यायची, म्हणून हसणंही सोडलं. मग कशाचं काही वाटणंच बंद झालं. सिडकोतल्या आमच्या गॅलरीत बसून राहायचो. खालून रिक्षा जायच्या, भाजीवाला ओरडून जायचा, ऊन समोरच्या भिंतीवरून उतरायचं. कुणी विचारलं तर म्हणायचो, "बरंय."

मग एकदा मुलगा पुण्याहून आला आणि मी त्याला जिन्यात बसलेला सापडलो. फोनचं नाटक करायलाही उभं राहावं लागतं, आणि त्या दिवशी तेवढंही जमलं नव्हतं. त्यानं वर येऊन आईला सांगून टाकलं, "तिसरा मजला, लिफ्ट नाही. हा फ्लॅट विकू. तुम्ही दोघं माझ्याकडे चला." एजंटाशी तो बोललाही.

तो गेल्यावर तांदूळ निवडता निवडता बायको म्हणाली, "माझी बहीण पैठणला आहे. माझ्या सगळ्या ओळखी इथं आहेत. पुण्यात मी कुणाच्या दारात जाऊन बसू?" एवढंच. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. मला स्वतःला इथं काय आणि तिथं काय, गॅलरी असली की झालं. पण तिला जायचं नव्हतं आणि ते माझ्या पायांवर अवलंबून होतं. मुलाला फोन करून मी सांगितलं, "पुढच्या वेळी येशील तेव्हा नीट चढून दाखवतो. नाही जमलं तर विक."

म्हणून मी दवाखान्यातल्या फुप्फुसांच्या व्यायामाच्या वर्गात नाव घातलं. माझ्यासोबत दोघे होते: करमाडहून एसटीनं येणारे एक शेतकरी, ज्यांना सगळे पाटील म्हणत, आणि शहरातलेच एक जुने टेलर, चाचा. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या मुलांपेक्षाही लहान. पायाला वाळूची पिशवी बांधून पाय उचलायचा, जागच्या जागी असलेली सायकल मारायची, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून व्हरांड्यात चालायचं. मध्येच मॅडम विचारायच्या, "दम किती लागतोय? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही."

पहिल्या दिवशी मला विचारलं. शेजारी दोन अनोळखी माणसं. मी म्हणालो, "दोन."

पाटलांचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा चालला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग माझा दीड धरा."

चाचांना बोलता येईना. त्यांनी एक बोट वर केलं.

असा हा उतरता लिलाव रोज चालायचा. मॅडम बिचाऱ्या आमच्यावर विश्वास ठेवून पिशव्यांमधली वाळू वाढवायच्या, सायकल जड करायच्या. चिमट्यावरचा आकडा त्या बघायच्या, पण तो उशिरा घसरतो. आमच्या तोंडचा आकडा मात्र खाली खाली जात होता. घरी येऊन मी जेवल्याबरोबर आडवा व्हायचो. बायको विचारायची, "जमतंय का?" मी म्हणायचो, "बरंय."

एका सकाळी सायकलवर डोळ्यांपुढे काळं आलं. चिमटा पिंपिं करायला लागला. कुणीतरी मला खाली फरशीवर बसवलं. मॅडम समोर उकिडव्या बसल्या. "सर, नाकानं आत घ्या. आता ओठांचा चंबू करा आणि बशीतल्या गरम चहावर फुंकर घालतो ना, तसं हळू सोडा." मी सोडत राहिलो. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आत्ता किती?"

मी भिंतीला टेकलेला, शर्ट घामानं ओला. म्हणालो, "अडीच."

"सर! ओठ जांभळे झालेत तुमचे आणि अडीच?"

"चारचौघांत किती सांगणार, मॅडम?"

"त्यांचं बरोबर हाय," पाटील म्हणाले. "कुणी इचारलं का बरंय म्हणायचं. नायतर काय, रडत बसायचं व्हय?"

"बेटा, हाल पूछा तो कोई थोडेही सच बताता है?" चाचा म्हणाले.

मॅडम चिडल्या. अख्खा दिवस आमच्याशी कामापुरतं बोलल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम बदलला. आता स्वतःचा आकडा सांगायचा नाही, शेजारच्याकडे बघायचं आणि त्याचा सांगायचा.

पाटील माझ्याकडे वळले. "सायबाचा आठ! बघा की मॅडम, गळ्याची शीर कशी उडायलीय!"

मी चिडून म्हणालो, "पाटलांचा नऊ."

"नऊ नाय, साडेआठ," पाटील म्हणाले. चाचा हसायला लागले आणि हसता हसता त्यांचाही सात झाला.

वाळू कमी झाली. सायकल हलकी झाली. मला आठ दम लागतो हे मला पाटलांकडून कळलं. माझं 'दोन' धड खोटंही नव्हतं, कारण आत विचारावं तर तिकडून काही उत्तर यायचंच नाही. दुसऱ्यांनी सांगत सांगत मला माझा दम कळायला लागला. आधी सात कसा असतो ते कळलं, मग पाच. पाचाला थांबायचं, सहा होईपर्यंत वाट बघायची नाही, हे मॅडमनी शिकवलं. "थांबलं म्हणजे नापास नाही," त्या म्हणायच्या. मला ते पटायला फार वेळ लागला.

मुलगा आला. आम्ही दोघं खाली उभे राहिलो. बायको वर दारात, कठड्याला धरून.

पाय वर टाकताना श्वास सोडायचा, पायरीवर टेकल्यावर घ्यायचा, असा मी निघालो. पहिल्या वळणावर थांबलो. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला होता.

"बाबा, बसताय का?"

"नाही. थांबलोय."

"त्रास होतोय?"

"व्हायच्या आधी थांबलोय. आत्ता पाच आहे."

त्याला काही कळलं नाही, पण तो माझ्याबरोबर थांबला. दुसऱ्या मजल्यावर तेच. वहिनींनी दार उघडलं, मी मान हलवली. मग शेवटचा जिना. दारात पोचलो तेव्हा बायको बाजूला सरली आणि मी आत जाऊन खुर्चीवर बसलो.

"वेळ फार लागतो," मुलगा म्हणाला.

"मला कुठं जायचंय?"

तो खिडकीपाशी गेला. मग त्यानं एजंटाला फोन लावला. "सध्या थांबा. पुढच्या वर्षी बघू."

मी आनंदाची वाट बघितली. इतकं केल्यावर काहीतरी व्हायला हवं होतं. पण भिंतीवरचं ऊन रोजच्यासारखं खाली सरकलं, एवढंच. छातीत मात्र आता चारच होता.

बायकोनं पैठणला बहिणीला फोन लावला. "अगं, नाही जात आम्ही. नाही! खरंच नाही!" ती मोठ्यानं हसली. मी बुटांकडे बघत होतो. खाली वाकलं की श्वास अडतो, म्हणून बूट काढायचं काम मी पुढं ढकलत बसलो होतो. फोन खांद्यात धरून ती माझ्यासमोर खाली बसली आणि नाडी सोडायला लागली. मी पाय पुढं केला.

"पापड करायला ये इकडंच," ती बहिणीला सांगत होती. "अगं गच्ची आहे ना. हो, आहे, इथंच आहे." एक बूट निघाला. तिनं दुसरा पाय ओढून जवळ घेतला.