योग्य दिवसाची किटली

पाहुणचार ही साधना आहे, आणि अख्ख्या रत्नागिरीत ती निष्ठेने करणारा एकच माणूस उरला आहे: आमचे साडू. त्यांच्याकडे जाताना मी घरून चहा पिऊन निघतो. चांदीचा मुलामा दिलेली जुनी भांडी जमवण्याचा त्यांना नाद. मुंबईला लग्नाला म्हणून जायचे आणि अक्षता पडायच्या आत जुन्या बाजारातून एखादं नक्षीदार तबक नाहीतर साखरेचा चिमटा काखेत मारून परतायचे. सगळं पाहुण्यांसाठी. पण पाहुण्याने कशाला बोट लावलं की साडू उठलेच, ठसा पुसायला. त्यात इथली खारी हवा. शेवटची वाटी लखलखेपर्यंत पहिली काळवंडलेली असायची, की साडू फडकं घेऊन पुन्हा तिच्याकडे. चहा आम्हाला स्टीलच्या कपातून; मुलाम्याची किटली कपाटातच. "किटली योग्य दिवसासाठी आहे," असं ते बजावत.

तो दिवस आला. लेकीला बघायला पुण्याची माणसं येणार होती, आणि आपलं घर कुणापेक्षा कमी नाही हे त्या किटलीने सांगायचं होतं. सकाळपासून साडूंचं बूड टेकेना. रिक्षा वाजली की फाटकाशी, तिथून परत किटलीशी. ऐनवेळी पॉलिश संपलं.

"अहो, पुरे आता. पोहे गार होतायत," मेव्हणी ओरडली.

पण साडूंना आईची रीत आठवली: आमसुलाचं पाणी आणि न्हाणीच्या चुलीतली राख. सणाला घरची पितळेची भांडी अशीच निघायची. त्यांनी जीव खाऊन घासलं.

पाहुणे टेकले, किटली आली. मुलाच्या आईचं माहेर नेमकं इथलंच, पूर्णगडचं निघालं.

"अगबाई, पितळ काय उजळलंय हो! आमसुलाने ना?"

चांदीचा मुलामा राखेबरोबर न्हाणीतच राहिला होता. साडू सवयीने फडकं शोधायला उठले.

"बाबा, बसा," लेक म्हणाली, आणि चहा ओतता ओतता पाहुणीला म्हणाली, "हो. बाबांनीच घासलीय."

पाहुणीने नवऱ्याकडे वळून पाहिलं. "बघा. शिका काहीतरी."

पाहुण्यांसमोर साडू शेवटपर्यंत बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

लग्न झालं, लेक पुण्याला गेली. बाकीची भांडी आता कपाटात निवांत काळी पडतात. साडू संध्याकाळी तिच्या फोनची वाट पाहत एका जागी बसून असतात आणि मला त्याच किटलीतून चहा देतात. खाली स्टीलची ताटली ठेवावी लागते. किटली गळते.