काकूंचा चहाचा उपास

आमच्या समोरच्या काकूंनी शुक्रवार पेठेतल्या माणसांच्या डोळ्यांत जितकं डोकावून पाहिलंय, तितकं कुठल्या चष्मेवाल्यानं किंवा प्रियकरानंही पाहिलं नसेल. तुम्ही दारात उभे राहिलात की "ये, बस" नंतर. आधी काकूंचा अंगठा तुमच्या खालच्या पापणीवर. पापणी ओढून आत लाली दिसली तर पाणी मिळतं, फिकट दिसलं तर भाषण. "रक्तच न्हाय की रे अंगात! चालतोयस कशावर, बॅटरीवर? जा, आधी रक्त तपासून ये." सिलिंडर खांद्यावर घेतलेल्या गॅसवाल्यालाही त्यांनी जिन्यातच अडवून तपासलंय. पुतणीला बघायला आलेल्या मुलाची पापणी तर पोह्यांच्याही आधी ओढली. आतून लालभडक निघाला म्हणून मुलगा पसंत पडला; पगार विचारायचं सगळेच विसरले.

ही भक्ती स्वानुभवाची. काही वर्षांपूर्वी काकू इतक्या पांढऱ्या पडल्या होत्या, की भिंतीला टेकून बसल्या तर नुसती साडीच दिसायची. जिना चढताना मध्येच बसून भाजी निवडून घ्यायच्या. मग डॉक्टरांनी लोहाच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या, आणि दोन-तीन महिन्यांत त्यांचा आवाज थेट गावाबाहेरच्या चिंचोळी एमआयडीसीपर्यंत जाऊ लागला. तिथले कामगार भोंगा समजून जेवायला सुटायचे, अशी वदंता आहे. वदंता मीच उठवली, पण आहे.

तेव्हापासून काकूंचा कायदा एकच: गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि आगेमागे तासभर चहा बंद. "चहा त्या लोहाला अंगात शिरूच देत न्हाय, दारातनंच परत धाडतो!" गोळी घेणाऱ्याच्या हातातला कप त्या हिसकावतात आणि वाया जाऊ नये म्हणून स्वतः पितात. गल्लीत जितके जण गोळीवर, तितके कप काकूंच्या पोटात.

यंदा मात्र घरातच गाठ पडली. माळशिरसची सून, पहिलटकरीण, आणि रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, बाळंतपणाआधी वाढलंच पाहिजे. पण गोळीनं मळमळायचं, शी काळी व्हायची. पोरगी घाबरली आणि गोळी बंद. गल्लीवर गरजणाऱ्या काकू सुनेपुढं मांजर झाल्या. डॉक्टरांना विचारून आल्या: काळं होतंच, घाबरायचं नाही, मळमळतंय तर जेवणानंतर घ्या.

"घे की गं माझी बाय."

"आई, गोळीचं सोसीन एकवेळ. पण मला चहा बंद, आन् तुमी समोर बसून फुर्रफुर्र पिताय, ते न्हाय सोसत!"

काकूंनी हातातला कप तिथंच पालथा घातला. पेठ हादरली. रोज दुपारी सुनेनं गोळी गिळली की दोघी घड्याळाकडं अशा बघत बसायच्या, जणू काट्यावर गाडी यायची आहे. तास संपला की दोघींचा चहा एकदमच. पुढच्या तपासणीला रक्त वाढलेलं निघालं, तेव्हा काकूंनी पेढे वाटले. अर्थात पापण्या बघूनच.

आता सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे. काल दुपारी मी डोकावलो, तर काकू घड्याळासमोर, गॅस बंद.

"काकू, चहा?"

"थांब की. आत्ताच गोळी झालीय तिची."

बऱ्याच वेळानं फोन वाजला. "आई, झाला तास. ठेवा आता."

काकूंनी चहा केला, दोन कप भरले. मी एक उचलायला गेलो, तर म्हणाल्या, "थांब, तो तिचा. तुला दुसरा देते." मग त्या भरल्या कपाकडं बघत त्यांनी अंगठा स्वतःच्याच पापणीखाली नेला. या खेपेला तपासायला नव्हे.