चादरीखालची आई

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं बहुतेक सगळं न सांगताच कळत आलं, त्यामुळे सांगायची सवय मला लागलीच नाही. पण हे मात्र तिलाही कळलं नाही. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

सत्तरच्या दशकात सोलापुरात माझा फोटो स्टुडिओ होता. पोट भरायचं ते सत्कारांवर. शाल, श्रीफळ, हार आणि त्या हारातून कसंबसं वर आलेलं एक तोंड. असे फोटो इतके काढले, की गावातले काही थोर लोक मला हाराशिवाय रस्त्यात भेटले तर ओळखूच यायचे नाहीत. जीव रमायचा तो मात्र लहान मुलांत. दारावर पाटीच होती : 'लहान मुलांचे नैसर्गिक फोटो काढून मिळतील.'

नैसर्गिक! हा शब्द मी परदेशी मासिकं बघून उचलला होता. त्यांत मुलं गवतात लोळायची, आईबाप हसायचे, कॅमेऱ्याकडे कुणाचं लक्षच नसायचं. आमच्याकडे बाप कॅमेऱ्याकडे असा बघायचा, जणू कोर्टात साक्ष द्यायला उभा आहे. आणि पोरं? एक पोरगं पडद्यावर रंगवलेल्या हंसांना बिस्कीट भरवायचं, दुसरं माझ्या कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडात शिरून बसायचं. म्हणून मी दोन युक्त्या केल्या होत्या. पहिली — फिल्म न भरताच काही खटके दाबायचे. पोरांचं नवल संपलं, बापाचा ताठा उतरला, की मग फिल्म भरायची. दुसरी — आईला न सोडणाऱ्या पोरांसाठी. आईला खुर्चीवर बसवायचं, तिच्या डोक्यावरून आपली सोलापुरी चादर टाकायची आणि पोर वर मांडीवर ठेवायचं. फोटोत दिसायची ती चादर पांघरलेली खुर्ची. पोर गप्प, कारण चादरीखालून आईचे हात त्याच्या कमरेला. असं माझं नैसर्गिक.

हे सगळं मी का सांगतोय? कारण या दोन्ही युक्त्या पुढे यायच्या आहेत. आणि खरं सांगायचं तर, मुद्द्यावर यायला मी टाळतोय.

बाजारात आडतीचं दुकान असलेले एक अण्णा होते, मूळचे मोहोळकडचे. त्यांना कुठल्याशा सोसायटीचं चेअरमन व्हायचं होतं, आणि त्यासाठी दिवाळीला गावोगाव शुभेच्छापत्रं वाटायची होती. वर फोटो : मधे फेटा बांधलेले अण्णा, दोन्ही बाजूंना दोन मुलं. बबन पाचेक वर्षांचा, एका जागी क्षणभर न ठरणारा. मंगल जेमतेम चालायला लागलेली, आणि ती काही आईला सोडेना.

"मग वहिनींनाही बसवू की," मी म्हटलं.

"छ्या! बायकामानसाचा फोटू गावभर वाटू व्हय?" अण्णा म्हणाले. "तिचा काय, पुढच्या खेपंला काढू की निवांत."

म्हणून चादर. ती बाई खुर्चीवर बसली, मी चादर टाकली, मंगल मांडीवर विसावली. शुभेच्छापत्राचा फोटो झाला. अण्णांना तो आणखी एकदा हवा होता. फेटा तिरका झाल्याचा त्यांना संशय आला आणि ते आरशाकडे गेले.

तेवढ्यात बबननं चादरीचं टोक धरलं आणि ओढलं. "आई, भॉऽक!" चादर घसरली, पदर घसरला, मंगलनं आईचे केस मुठीत धरले, बबन तिच्या गळ्यातच पडला — आणि ती हसली. मान मागे टाकून, सगळे दात दाखवत. अण्णांच्या घरात आपण असं हसत नाही, हे ती तेवढ्यापुरतं विसरली असावी. माझा हात खटक्यावरच होता. फिल्म भरलेली होती.

पदर सावरून तिनं आधी आरशाकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आला का वो त्यात माजा बी?"

"आलाय, वैनी."

"मग दावा की मला कवातरी."

मी मान डोलावली. लक्षात ठेवा — मी मान डोलावली होती.

अण्णा फोटो बघायला आले तेव्हा सगळे एकटेच घेऊन बसले. हा हातात आला तसे लाल झाले. "ह्यो काय? दात काढल्याली बाई? जाळा. माज्यासमोर जाळा." मी त्यांच्यासमोर तो फोटो जाळला, आणि त्याची म्हणून दुसरीच एक बिघडलेली निगेटिव्ह काडी लावून जाळली. ती वळत, वितळत गेली. अण्णांचं समाधान झालं. माझंही झालं. एका दिखाऊ माणसाला फसवलं, याचा मला कितीतरी दिवस अभिमान होता.

पण तिला दाखवला का? नाही. एकदा ती मंगलला कडेवर घेऊन दारावरून गेली. जाताना पाय रेंगाळले, तिनं आत पाहिलं. मी एका निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलीनं बुजवत होतो. मान वर केली नाही. चारचौघांत परक्या बाईला हाक मारून म्हणायचं काय — या, तुमचा फोटो ठेवलाय जपून? पुढे कधीतरी दाखवू, असं ठरवलं. पुढच्या खेपंला. शब्दसुद्धा अण्णांचेच.

पुढची खेप नव्हती. ती काविळीनं गेली.

दशक संपता संपता एका दुपारी दोन मुलं स्टुडिओत आली. मुलीच्या दोन वेण्या, एकीची रिबन सुटलेली. तिनं काउंटरवर हनुवटी टेकवली आणि विचारलं, "काका, तुमच्याकडं आमची आई हाय का?"

मुलगा मागे उभा होता. बबन. ओठावर लव आली होती. म्हणाला, "घरात तिचा एक बी फोटू न्हाय. पर मला आठवतंय. मी चादर वडली, आई लई हसली, आन तुमी खटका दाबला."

निगेटिव्ह माझ्या पाठीमागच्या खणात होती. हात मागे नेला असता तर पुरलं असतं.

मी म्हणालो, "अरे, तो रिकामा खटका. पोरांना गप्प करायला दाबतो आम्ही. फिल्म नसते त्यात."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली. त्या मुलाजवळ आईचं हसणं होतं आणि त्याचा एक साक्षीदार होता. साक्षीदार खोटं बोलला.

का बोललो? अण्णांची भीती होती. आता ते खरंच चेअरमन झाले होते. परक्याच्या बायकोचा फोटो इतकी वर्षं ठेवला, म्हणून लोक काय म्हणतील, हेही होतं. आयुष्यभर फेट्यांना हसलो आणि एका फेट्याला घाबरलो. पण थांबा, एवढंच नव्हतं. माझ्या हातून झालेला तो एकमेव खरा फोटो होता. नैसर्गिक. तो मला कुणालाच द्यायचा नव्हता. तिच्या पोरांनासुद्धा.

त्याऐवजी मी त्यांना शुभेच्छापत्राच्या फोटोतला चादरीचा तुकडा मोठा करून दिला. चादरीच्या कडेतून बाहेर आलेली चार बोटं दिसत होती, मंगलच्या कमरेवर. मंगलनं त्यांवर आपलं बोट फिरवलं. "ही आई?"

"होय, ही आई."

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी एका लग्नाला अकलूजला गेलो होतो. एका बाईनं मांडवात गाठलं. "वळखलं का काका? मी मंगल, चादरीवाली." ओढून घरी नेलं. तिथं समोरच्या भिंतीवर फ्रेममध्ये ती चादर होती, चार बोटांसकट, आणि तिला ताजा हार. मंगलची दोन पोरं घरभर धुमाकूळ घालत होती. तिनं दटावलं, तशी दोघं फ्रेमसमोर क्षणभर हात जोडून उभी राहिली आणि पुन्हा पळाली.

"तुमच्यामुळं एवढी तरी हाय," ती म्हणाली.

तिनं चहा आणला. मी प्यालो. बशी खाली ठेवली, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

निगेटिव्ह अजून त्याच खणात आहे.