माडीवरचा माइक

बाभुळगाव, माझ्या लग्नाचा दिवस. सकाळी सगळ्यात आधी शॉक बसला तो आमच्या गुरुजींना... आवाज बघायला म्हणून त्यांनी माइकला हात लावला आणि 'हॅलो'च्या जागी तोंडातून जे काही निघालं, ते मंत्र नक्कीच नव्हते!

पासष्ट-सहासष्ट साल असेल. गावात वीज नवीनच आली होती आणि लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं म्हणजे मोठीच ऐट. बाबांनी हौसेनं यवतमाळहून रशीदचाचांना मशीन घेऊन बोलावलं होतं. चाचा रेडिओ दुरुस्त करायचे, आमच्याकडे त्यांचं जाणंयेणं जुनंच.

गुरुजी कोपऱ्यात बसून हात चोळत होते. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या, चाचा मात्र गंभीर झाले. त्यांनी प्लग उलटा लावून पाहिला. अंगणाच्या कडेला अर्थिंगसाठी लोखंडी सळई ठोकली, तिला मशीनची वायर बांधली, बुडाशी मिठाचं पाणी ओतलं... तरी माइकला टेस्टर लावला की त्यातला दिवा मिणमिणायचाच.

त्यात मंडप ओलाचिंब. धूळ बसावी म्हणून बायांनी पहाटेपासून तीनदा सडा टाकलेला, आणि बोहल्यापाशी चप्पल घालून कोण उभं राहणार? चाचांनी बाबांना बाजूला घेतलं. "भाऊ, पाय उघडे, जमीन वली, अन् महाराजचे हात तं घडीघडी पाण्यात. इथं मी माइक देत नाई. पाव्हणे नाराज झाले तं चालन, माणूस गेला तं?"

बाबांचा चेहरा पडला. लाउडस्पीकर आहे म्हणून त्यांनी मुलाकडच्यांना महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं.

आता आत्याबद्दल सांगायला हवं. मी दोन वर्षांची असताना आई गेली, आणि सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आलेल्या आत्यानं मला वाढवलं. गळा असा गोड की शेजारच्या बाया हातातलं काम टाकून ऐकत. माझ्या लग्नासाठी तिनं स्वतः पाच मंगलाष्टकं रचली होती... माझी वेणी घालताना ती गुणगुणायची, त्यामुळे मलाही पाठ झाली होती.

पण मंडपात म्हणायची कशी? विधवेनं शुभकार्यात पुढे यायचं नाही, ही तेव्हाची रीत. म्हणून सकाळपासून ती माडीवर एकटीच पानसुपारीची ताटं लावत बसली होती. तिच्या तोंडून ती मंगलाष्टकं ऐकत बोहल्यावर उभं राहावं, एवढीच माझी इच्छा होती. ती बोलून दाखवायची हिंमत काही झाली नाही.

इकडे चाचा कोरडी जागा शोधत घरभर फिरले. ओसरी पाहिली, माजघर पाहिलं, शेवटी माडीवर गेले. खाली आले ते खुशीतच. "वरतं सागाच्या फळ्या हाय भाऊ, ठणठणीत कोरड्या. माइक तिथं ठेवतो, कर्णा इथं निंबावर. अन् आत्याबाई बसल्याच हाय वरतं... त्याच म्हनतीन."

बाबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी अजून हातच चोळत होते... "त्या मंडपात येत नाहीत ना? मग शास्त्राची काय अडचण? मी तर त्या दांड्याला पुन्हा शिवणार नाही बुवा!"

अंतरपाट धरला गेला. गुरुजींचं म्हणून झालं, आणि निंबावरच्या कर्ण्यातून आत्याचा आवाज आला. पहिली ओळ थोडी थरथरली... मग असा मोकळा सुटला की मंडपातली कुजबुज थांबली. मी खाली मान घालून नुसती रडत होते, आणि इतकं सुख मला त्याआधी कधी झालं नव्हतं.

अक्षता पडल्या, हार घातले. सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "कोन बाई म्हनून राह्यली होती वं? गळा काय गोड हाय!"

"माही आत्या. माडीवर बसली हाय."

"मंग खाली काहून नाई आली?"

मी बाबांकडे पाहिलं. सासूबाईंना समजायचं ते समजलं. बाबांकडे वळून एवढंच म्हणाल्या, "आम्ही काई म्हनलं होतं का, भाऊ?"

खरंच, त्यांच्याकडून कोणी काही म्हटलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं. सासूबाई स्वतः जिना चढून वर गेल्या आणि आत्याला हाताला धरून मंडपात घेऊन आल्या. तिच्या पायात चाचांच्या भल्यामोठ्या रबरी चपला होत्या. माइक धरण्याआधी चाचांनी सक्तीनं घालायला लावल्या होत्या, आणि घाबरलेली आत्या त्या काढायच्याच विसरली होती. मी वाकून नमस्कार केला तो त्या चपलांसकटच.

पुढे आत्या गावातल्या कितीतरी लग्नांत गायली. मंडपात, चारचौघींत, कोरड्या फळीवर उभी राहून.

खूप वर्षांनी मी चाचांना विचारलं, तुम्ही त्या दिवशी मुद्दाम केलंत का हो? ते हसले. "नाई बेटा, मी तं फक्त कोरडी जागा पाहाले वर गेलतो."

असेलही... पण त्या सकाळी, लग्न लागण्याआधी, आत्या बसली होती तिथपर्यंत जिना चढून गेलेला माणूस तेवढा एकच. आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.